हुकूम कुणाचा?

पुसेगाव म्हटले की घाटावरच्या माणसाला सेवागिरी महाराजांची यात्रा आठवते. ते साताऱ्याकडचे. मी म्हणतो ते पुसेगाव हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातले. याच जिल्ह्यात नामदेवांचे नरसी आणि याच जिल्ह्यात औंढा नागनाथ, त्यामुळे इकडच्या माणसाला एक कथा वेगळी शिकवावी लागत नाही. नामदेव औंढ्याला देवळासमोर कीर्तनाला उभे राहिले. पुजाऱ्यांनी हटकले, मागे जा म्हणाले. नामदेव वाद न घालता मागे गेले आणि तिथे कीर्तन सुरू केले. तेव्हा देऊळच फिरले आणि देवाचे तोंड नामदेवांकडे झाले. सांगणाऱ्याचा सगळा भर फिरलेल्या देवळावर असतो. मला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. पुजाऱ्यांचा हुकूम नामदेवांनी मानला, देवाने मानला नाही. देवाच्या दारात, देवाच्या नावाने दिलेला हुकूम देवाचा नव्हता.

बायबलमधल्या आज्ञापालनाविषयी लिहायचे तर सुरुवात याच फटीतून करावी असे मला वाटते. आपल्याकडे ख्रिस्ती धर्म म्हटला की वाशिमचे मिशन हॉस्पिटल, नाताळ आणि दहा आज्ञा एवढे डोळ्यांपुढे येते. दहा आज्ञांवरून लोकांची समजूत अशी होते की तिथला देव हुकूम सोडतो, ऐकणाऱ्याला बरे दिवस येतात, न ऐकणाऱ्याला शिक्षा होते. अशी वचने त्या ग्रंथात आहेत, पुष्कळ आहेत. पण वचने बाजूला ठेवून गोष्टी वाचत गेले की वेगळेच काही दिसू लागते. माणूस आज्ञाधारक आहे की नाही, हा तिथे फारसा वादाचा विषय नसतो. माणूस कुणाचे ना कुणाचे ऐकतच असतो: राजाचे, बापाचे, जमावाचे, पुरोहिताचे, स्वतःच्या भीतीचे. देवाचे ऐकायचे म्हणजे या सगळ्यांतून एक आवाज ओळखायचा, आणि बाकीच्यांना प्रसंगी नाही म्हणायचे. त्यामुळे बायबलमधला देवाचा आज्ञाधारक माणूस दुसऱ्या कुणाच्या तरी दफ्तरी बंडखोर म्हणून नोंदलेला असतो.

पहिले ठळक उदाहरण दोन सुईणींचे आहे. निर्गमाच्या पहिल्याच अध्यायात मिसरचा राजा फारो शिफ्रा आणि पुवा या दोघींना बोलावून सांगतो की इब्री बायकांचे बाळंतपण करताना मुलगा झाला तर मारून टाका. त्या मारत नाहीत. पुढे जाब विचारला जातो तेव्हा बेधडक सांगतात की इब्री बायका फार काटक, आम्ही पोचायच्या आत मोकळ्या होतात. राजाच्या तोंडावर ही थाप आहे. ग्रंथ थापेबद्दल एक अक्षर बोलत नाही. त्या देवाला भीत होत्या, देवाने त्यांचे भले केले आणि त्यांची घरे वसवली, एवढेच सांगतो. इथे काळाचा क्रम लक्षात घ्यावा. ज्याच्या हाती दहा आज्ञा आल्या तो मोशे अजून जन्मायचा आहे. त्या आज्ञा यायला पुष्कळ अवकाश आहे. खून करू नको असे कोरलेली पाटी त्या दोघींनी पाहिलेली नाही. त्यांच्यापुढे उघड आज्ञा एकच होती, म्हणजे राजाची, आणि ती त्यांनी मोडली. हाताशी आलेले मूल जगवायचे हे त्यांना कुणी सांगितले, याचे उत्तर गोष्ट देत नाही. मात्र बायबलमधली आज्ञाधारकता नियमांच्या यादीआधीपासून आहे आणि ती बाळंतिणीच्या खोलीत सुरू होते, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. दुसरे असे की या गोष्टीत राजाचे नाव नाही. तो नुसता फारो. सुईणींची नावे मात्र आहेत.

उलट उदाहरण शौल राजाचे. आज्ञापालनावरच्या प्रवचनात ही गोष्ट हमखास येते. अमालेकी लोकांचा समूळ नाश कर, त्यांची गुरेढोरेही ठेवू नको, असा हुकूम शमुवेल संदेष्ट्याच्या तोंडून येतो. शौल लढाई जिंकतो, पण त्यांचा राजा अगाग आणि निवडक मेंढरे-बैल राखून ठेवतो. शमुवेल येतो तेव्हा शौल छाती पुढे काढून सांगतो की आज्ञा पाळली. मग मागून मेंढरांचे बेंबावणे ऐकू येते. शौलाची सबब तयार असते: ही देवाला यज्ञ करायला ठेवली आहेत. यज्ञापेक्षा ऐकणे बरे, असे शमुवेल त्याला सुनावतो, आणि प्रवचन बहुधा तिथे संपते.

मूळ हुकूमच लेकराबाळांसकट सगळ्यांना कापण्याचा होता, ही गोष्ट प्रवचनकार सहसा हळूच ओलांडतात. ती ओलांडू नये. सुईणींची गोष्ट आणि ही गोष्ट एकाच ग्रंथात आहेत, आणि मला विचाराल तर मी सुईणींच्या बाजूने उभा राहून ही दुसरी वाचतो. तरीही या अध्यायात पुढे शौल जे कबूल करतो ते सोडवत नाही. तो म्हणतो की मला लोकांची भीती वाटली आणि मी लोकांचे ऐकले. म्हणजे देवाचे न ऐकणे हे त्याच्या हातून बेफिकिरीने झालेले नाही. ते दुसऱ्याचे ऐकल्यामुळे झाले. आणि शौल या बाबतीत शेवटपर्यंत सुधारत नाही. सात अध्याय पुढे तोच राजा नोब गावच्या याजकांवर उलटतो, कारण त्यांनी त्याच्याच तावडीतून पळालेल्या दावीदाला भाकरी आणि तलवार दिली. तो पहारेकऱ्यांना सांगतो, यांना मारा. पहारेकरी हात उचलत नाहीत. पगार राजाचा, हत्यार राजाचे, समोर राजा उभा, आणि ते हलत नाहीत. शेवटी दवेग नावाचा अदोमी पुढे होतो आणि पंच्याऐंशी याजकांना कापून काढतो. त्या दिवशी शब्दशः आज्ञा पाळणारा माणूस एकटा दवेग होता. पहारेकऱ्यांवर कुणी प्रवचन केलेले मी ऐकलेले नाही.

फारो आणि शौल हे उघड उघड राजे. त्यांना नाही म्हणणे अवघड असले तरी ओळखणे सोपे असते. खरी कसोटी लागते ती समोरचा माणूस देवाच्याच नावाने बोलतो तेव्हा. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात एक विलक्षण गोष्ट आहे. यहूदाकडून एक देवमाणूस बेथेलला येतो आणि यराबाम राजाच्या वेदीविरुद्ध बोलतो. राजा त्याला जेवायला बोलावतो. तो नाकारतो, कारण इथे खायचे-प्यायचे नाही आणि आल्या वाटेने परतायचे नाही, असे त्याला देवाने सांगितलेले असते. राजाला नाही म्हणणे त्याला जमले. वाटेत एक म्हातारा संदेष्टा गाठतो. म्हणतो, मीही तुझ्यासारखाच संदेष्टा आहे, देवदूताने मला सांगितले की तुला घरी नेऊन जेवू घालावे. म्हातारा खोटे बोलत असतो. देवमाणूस त्याच्यामागे जातो, जेवतो, आणि परतताना सिंह त्याला मारतो. खोटे बोलणाऱ्याला काहीच होत नाही; तोच रडत रडत त्याला आपल्या कबरीत पुरतो.

अन्यायाची वाटावी अशी ही गोष्ट आहे, आणि तिला गोड करण्यात अर्थ नाही. पण तिचा रोख स्पष्ट आहे. दुसऱ्याच्या वयाला, पदाला, धंद्याला मान देऊन आपली जबाबदारी त्याच्या खांद्यावर टाकता येत नाही. त्यांनी सांगितले म्हणून केले, हे उत्तर तिथे चालत नाही, मग ते कितीही भाविकपणे दिलेले असो.

याचा अर्थ आज्ञाधारक माणसाने देवापुढेही मान खाली घालून गप्प बसावे असाही नाही. सलाफहादाच्या पाच मुलींची गोष्ट गणनेच्या पुस्तकात आहे: महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा. बाप वारला, भाऊ नाही, आणि नियमाप्रमाणे जमीन फक्त मुलग्यांना. या पाचजणी मोशे, याजक आणि सगळी मंडळी यांच्यापुढे उभ्या राहून विचारतात की मुलगा नाही म्हणून आमच्या बापाचे नाव का पुसायचे? मोशे निकाल देत नाही. तो हे गाऱ्हाणे देवापुढे नेतो, आणि देव म्हणतो की मुली बरोबर बोलत आहेत. नियम बदलला जातो. पुढे त्यांनी आपल्याच वंशात लग्न करावे अशी अट घालून पुरुषमंडळी थोडे परत घेतात, तो भाग वेगळा. महाराष्ट्रात वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना जन्मतः हिस्सा देणारी दुरुस्ती 1994 ला झाली, देशभर 2005 ला. आमच्याकडे सातबारावर बहिणींची नावे चढली की पाठोपाठ हक्कसोडपत्राचे कागद तयार होतात, आणि माहेर तुटायला नको म्हणून बहिणी सही करतात. कुणी जबरदस्ती केली असे सहसा म्हणत नाही. त्या पाचजणींनी सही केली नाही. आणि त्यांना ग्रंथ अवज्ञा करणाऱ्या म्हणत नाही.

अब्राहामही असाच देवाशी घासाघीस करतो. सदोम नगरात पन्नास नीतिमान सापडले तर नगर वाचवशील का, पंचेचाळीस असले तर, चाळीस, तीस, वीस, असे करत तो दहापर्यंत खाली येतो. हाच अब्राहाम चार अध्यायांनंतर देवाच्या सांगण्यावरून पोटच्या मुलाचा बळी द्यायला मोरियाच्या डोंगराकडे निघतो तेव्हा एक शब्द विचारत नाही. परक्यांसाठी भांडणारा बाप स्वतःच्या मुलासाठी गप्प का, याचे समाधान करणारे उत्तर मला कुठल्याही भाष्यात मिळालेले नाही. मी मांडतो आहे त्या विचारात मोरिया नीट बसत नाही, आणि ओढून बसवण्यात मजा नाही. इतकेच दिसते की तिथे अब्राहाम आणि देव यांच्यामध्ये तिसरा माणूस नव्हता. मोरियाचा दाखला देऊन दुसऱ्याच्या मुलाचा बळी मागणारे पुढे पुष्कळ झाले. त्यांना अब्राहामाचा आधार घेता येत नाही.

नव्या करारात हीच ओढाताण येशूच्या भोवती चालू राहते. यरुशलेमच्या मंदिरात मुख्य याजक त्याला विचारतात की हे सगळे तू कुणाच्या अधिकाराने करतोस. हुकूम कुणाचा, हाच तो प्रश्न. त्यावर तो दोन मुलांची गोष्ट सांगतो. बापाने मळ्यात जा म्हटल्यावर एक जात नाही म्हणाला आणि मागाहून गेला. दुसरा हो जी म्हणाला आणि गेला नाही. हो जी म्हणणारे समोरच उभे होते. दुसऱ्या एका प्रसंगी तो कुर्बानाच्या चालीचा विषय काढतो. आईबापांना पोसायची वेळ आली की माल देवाला वाहिला म्हणायचे, म्हणजे द्यावा लागत नाही, आणि धर्मशिक्षक त्याला मान्यता द्यायचे. देवाच्या नावाने देवाचीच आज्ञा मोडायची सोय, असे तो तिला ठरवतो. स्वतः तो मात्र गेथशेमाने बागेत रात्री देवापुढे विनवणी करतो की हा प्याला टळावा, आणि मग पुढे जातो. त्याचे आज्ञापालनही विनवणीशिवाय झालेले नाही. पुढे त्याचा शिष्य पेत्र आणि सोबती यहूदी न्यायसभेपुढे उभे राहतात आणि सांगतात की माणसांपेक्षा देवाचे ऐकणे आम्हाला भाग आहे. फटके खाऊन सुटतात. पौल रोमकरांना लिहिताना सत्ताधाऱ्यांच्या अधीन राहा म्हणतो, आणि तो दाखला प्रत्येक सरकारला आवडतो. पण लिहिणारा स्वतः वारंवार तुरुंगात जात होता, हे त्याबरोबर वाचावे.

इथवर आल्यावर कुणीही शहाणा माणूस हरकत घेईल. प्रत्येकाने आपापला आवाज ओळखायचा म्हटले की जो तो आपल्या मनात येईल ते देवाचे म्हणून खपवील. हरकत खरी आहे. बायबलच्या गोष्टींत तिला दिलेले उत्तर तर्काचे नाही, हिशेबाचे आहे: किंमत कोण मोजतो ते पाहा. सुईणींनी स्वतःची मान धोक्यात घातली आणि वाचली दुसऱ्यांची मुले. शौलाने देवाचे नाव घेतले आणि मेंढरे त्याच्या गोठ्यात आली. ही कसोटी अचूक नाही, पण बरीच माणसे तिच्यात उघडी पडतात.

मराठीत या प्रश्नाला सगळ्यात कसून भिडलेली व्यक्ती म्हणजे पंडिता रमाबाई. पुराणिकाच्या घरातली मुलगी. जन्म 23 एप्रिल 1858. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवले. शास्त्र्यांनी आक्षेप घेतला तेव्हा त्यांनी ग्रंथांतले आधार काढून दाखवले. म्हणजे धर्माच्या नावाने आलेला हुकूम ग्रंथावर पारखून घ्यायचा, हे या मुलीने घरातच पाहिले. दुष्काळात आईवडील गेले. कलकत्त्यात 1878 मध्ये पंडितांनी तिला पदव्या दिल्या. तिने जातीबाहेर, बंगालमधल्या बिपिनबिहारी मेधावींशी लग्न केले. दोन वर्षांच्या आत ते वारले. पदरात मनोरमा. 1883 मध्ये ती इंग्लंडला गेली आणि 29 सप्टेंबरला वाँटेज येथील अँग्लिकन मठात मुलीसह बाप्तिस्मा घेतला. पुण्यात गहजब झाला. जोतीराव फुल्यांनी 1885 च्या ‘सत्सार’मध्ये तिची बाजू घेतली, हे विशेष.

खरा झगडा त्यानंतर सुरू झाला, आणि तो हिंदूंशी नव्हता. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन या तिच्या धर्ममाता. रमाबाई आणि मनोरमा त्यांना प्रेमाने आजीबाई म्हणत. या आजीबाईंचे म्हणणे असे की देव चर्चच्या द्वारे बोलतो, तेव्हा चर्चच्या वडीलधाऱ्यांचे नम्रपणे ऐकणे हेच देवाचे ऐकणे. रमाबाई चेल्टनमच्या महिला महाविद्यालयात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे का, असा प्रश्न निघाला. मुंबईच्या आणि लाहोरच्या बिशपांनी प्रतिकूल मत दिले. हिंदुस्थानात याचा बोभाटा होईल म्हणाले. रमाबाई हिंदुस्थानात पुरुषांच्या भरसभेत पुराण सांगत आल्या होत्या. त्यांनी विचारले की हे ठरवणारे तुम्ही कोण, आणि ठरवण्याआधी मला का विचारले नाही. मे 1885 मधल्या पत्रात त्यांनी आजीबाईंना कळवले की मला स्वतःची सदसद्‌विवेकबुद्धी आहे. मोठ्या कष्टाने मी आपल्याकडच्या पुरोहितवर्गाच्या जोखडातून मान सोडवली आहे, आता तसलेच दुसरे जोखड मानेवर घेणार नाही. मात्र देवाच्या आज्ञेपुढे मी मान झुकवीन, हेही त्यांनी तिथेच स्पष्ट केले. हा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने 1977 मध्ये अ. भि. शहांच्या संपादनाखाली छापला.

वाद बारीकसारीक गोष्टींवरही चालत. गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती. रमाबाई म्हणाल्या, लॅटिन मलाही येत नाही आणि माझ्या देशबहिणींनाही, संस्कृत घाला. त्या अंडे-मांस खात नसत. त्यात आजीबाईंना जातीचा ताठा दिसे. ख्रिस्ताचे देवत्व, त्रैक्य, चर्चची मतपत्रिका, सगळ्यावर त्या विचारत राहिल्या की हे बायबलमध्ये कुठे आहे ते दाखवा. वडिलांनी शास्त्र्यांपुढे केले तेच मुलगी नन आणि बिशपांपुढे करत होती.

आजीबाईंना खलनायिका करणे सोपे आहे, पण तसे करू नये. त्यांची भीती पोकळ नव्हती. नुकता बाप्तिस्मा घेतलेल्या, पंचविशी नुकती ओलांडलेल्या स्त्रीने शतकांच्या परंपरेला एकटीने तोलावे, यात आडमुठेपणा असण्याचा संभव असतोच, आणि रमाबाईंच्या काही पत्रांचा सूर खरोखरच बोचरा आहे. शिवाय रमाबाईंनी स्वतःच पुढे लिहिले की 1883 मध्ये मला धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायला आणखी आठ वर्षे गेली. म्हणजे ज्या वर्षांत त्या देवाच्या आज्ञेवर हक्क सांगत होत्या, त्या वर्षांत आपण पूर्ण शरण गेलो नव्हतो, असे त्यांना मागे वळून पाहताना वाटले. तरी बिशपांपुढे मान न झुकवल्याचा पश्चात्ताप त्यांनी केलेला नाही. या दोन गोष्टी एकत्र राहू शकतात, हे मला महत्त्वाचे वाटते.

किंमत कोण मोजतो, ही कसोटी त्यांना लावून पाहता येते. 11 मार्च 1889 ला मुंबईत शारदा सदन सुरू झाले, पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. विधवा मुलींच्या या शाळेत धर्मशिक्षण द्यायचे नाही असे ठरले होते. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडे असे, आणि काही मुली येऊन बसू लागल्या. 1893 मध्ये प्रकरण पेटले. ‘केसरी’ने तुटून टीका केली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचे म्हणणे असे की माझ्या देवाची प्रार्थना मी दार लावून का करू? इथे मी पूर्णपणे त्यांच्या बाजूने नाही. जिच्या घरात अन्न, पुस्तक आणि माया मिळते तिच्या उघड्या दाराचे ओढणे साधे नसते, आणि हे रमाबाईंसारख्या बाईला कळत नव्हते असे म्हणवत नाही. स्वतः जोखड नाकारणाऱ्याच्या हातीही नकळत जोखड येते.

1896-97 चे मात्र तसे नाही. मध्य प्रांतात दुष्काळ पडला. वीस वर्षांपूर्वी स्वतः उपाशी फिरलेली ही बाई तिकडे गेली आणि शेकडो मुली-विधवा घेऊन आली. पुण्यात प्लेगाचे निर्बंध होते, म्हणून केडगावच्या शेतजमिनीवर त्यांची सोय केली. तिथेच मुक्ती सदन उभे राहिले. त्याच वर्षी प्लेगाच्या इस्पितळात मुलींची कशी दशा होते याविषयी त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून सरकारला अडचणीत आणले. पुण्याच्या सनातन्यांना नाही म्हणून झाले होते, बिशपांना झाले होते, आता मुंबई सरकारचा नंबर.

या बाबतीत त्या एकट्या नव्हत्या. ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यामागे गेल्या नाहीत. पती हाच देव असे शिकलेल्या बाईने पतीचा नवा देव लगेच स्वीकारला नाही. आपल्या मनाची खात्री झाल्यावर 1900 मध्ये तो स्वीकारला. त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाचणाऱ्याला ही पाच वर्षे हसवतात आणि रडवतात, पण त्यांतला कणखरपणा सहसा नजरेआड होतो. पुढे टिळकही 1917 मध्ये मिशनच्या पगाराची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडायला निघाले. मिशनने त्यांना हाकलले नव्हते. गोऱ्या मंडळींच्या पगारावर राहून मराठी माणसाला ख्रिस्त सांगता येत नाही असे त्यांना वाटले, आणि बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यांनी आपल्या दरबारात जागा दिली.

रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षे एका कामाला दिली. त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सबंध बायबल मुळातून मराठीत आणू लागल्या. मराठी बायबल तोवर नव्हते असे नाही. विल्यम कॅरीच्या बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून नवा करार 1811 मध्येच निघाला होता आणि नंतर बऱ्याच सुधारणा झाल्या होत्या. रमाबाईंना त्या भाषेत संस्कृत पंडिताची छाया फार दिसे. केडगावच्या, अक्षरओळख नुकती झालेल्या बाईला कुणाच्या मध्यस्थीशिवाय वाचता आले पाहिजे, हा त्यांचा हट्ट होता. संस्कृतावर पदव्या मिळवलेली बाई संस्कृत शब्द एकेक करून काढून टाकत होती. खिळे जुळवण्यापासूनची छपाई मुक्तीतल्याच मुलींनी केली. 1921 मध्ये मनोरमा गेली, 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या, आणि संपूर्ण ग्रंथ 1924 मध्ये बाहेर आला. मराठी चर्चमध्ये रविवारी उघडतात ते बायबल सोसायटीचे भाषांतर. रमाबाईंचे तिथे सहसा दिसत नाही.